स्थानिक कौन्सिलची सामाजिक गृहव्यवस्था आणि भाडेकरू-सेवा : इंग्लंडमधील व्यवस्थेचा एक अभ्यास

सारांश :
इंग्लंडमधील स्थानिक कौन्सिले गेल्या शतकाहून अधिक काळ घरमालकाची भूमिका बजावीत आली आहेत. घरे बांधणे हा या कार्याचा आरंभ होय. घरांचे वाटप, भाडेआकारणी, दुरुस्ती, सुरक्षितता आणि भाडेकरूंच्या तक्रारींचे निवारण हे त्याचे नित्याचे स्वरूप आहे. प्रस्तुत लेखात या व्यवस्थापनाची घडण, त्यामागील कायदे आणि अलीकडच्या सुधारणा यांचा परामर्श घेतला आहे. सार्वजनिक घरमालकाच्या कारभाराची कसोटी घरांच्या संख्येवर अवलंबून नसून, भाडेकरूच्या तक्रारीला ठरावीक मुदतीत उत्तर मिळते की नाही यावर अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सामाजिक गृहनिर्माण, स्थानिक कौन्सिल, भाडेकरू-सेवा, गृहनिर्माण महसूल खाते, दुरुस्तीचे दायित्व, तक्रारनिवारण.

प्रस्तावना :
अन्न आणि वस्त्र यांच्या बरोबरीने निवारा ही मानवाची मूलभूत गरज मानली जाते. औद्योगिक क्रांतीनंतर शहरांकडे आलेल्या श्रमिकांना परवडणारे व राहण्यायोग्य घर खुल्या बाजारातून मिळत नाही, हा अनुभव सर्व औद्योगिक राष्ट्रांना आला. या प्रश्नाला ब्रिटनने दिलेले उत्तर वैशिष्ट्यपूर्ण आहे. तेथे स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतः घरे बांधली, ती विकली नाहीत आणि त्यांचे भाडेकरूंच्या दृष्टीने कायमस्वरूपी व्यवस्थापन केले. अशा घरांना सर्वसामान्य बोलीत ‘कौन्सिल घरे’ असे म्हटले जाते.

आपल्याकडे सार्वजनिक गृहनिर्माणाची चर्चा प्रामुख्याने किती घरे बांधली, किती वाटली आणि किती अनुदान दिले या अंगाने होते. घर ताब्यात दिल्यानंतर शासनाचे दायित्व बहुतांशी संपते, कारण घर मालकी हक्काने दिलेले असते. भाडेतत्त्वावरील सार्वजनिक घराच्या बाबतीत मात्र खरी जबाबदारी त्या क्षणापासून सुरू होते. गळणारे छप्पर, बंद पडलेली लिफ्ट, थकलेले भाडे, शेजाऱ्याचा उपद्रव आणि भिंतीवरील ओल यांचे उत्तर पुढील अनेक दशके घरमालक या नात्याने संस्थेलाच द्यावे लागते. या दृष्टीने इंग्लंडचा अनुभव लोकप्रशासन, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि विधी या चारही विद्याशाखांच्या अभ्यासकांना उपयुक्त ठरावा.

उद्दिष्टे :
१) कौन्सिल गृहव्यवस्थेची ऐतिहासिक पार्श्वभूमी जाणून घेणे.
२) वाटप, भाडे, हिशेब आणि दुरुस्ती या व्यवस्थापनाच्या अंगांचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) भाडेकरूंचा सहभाग व तक्रारनिवारण यांतील उणिवा आणि सुधारणा यांचे विवेचन करणे.
४) मुंबईतील सार्वजनिक चाळींच्या संदर्भात या अनुभवाचा विचार करणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो कायदे, नियमावली, न्यायनिर्णय आणि शासकीय अहवाल या साधनांवर आधारलेला आहे. ब्रिटनमधील इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स यांचे गृहनिर्माणविषयक कायदे आता वेगवेगळे झाल्यामुळे विवेचन मुख्यत्वे इंग्लंडपुरते मर्यादित ठेवले आहे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडन, लिव्हरपूल, ग्लासगो या शहरांतील गलिच्छ वस्त्यांचा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पुढे आला. लिव्हरपूल येथे १८६९ मध्ये नगरपालिकेने कामगारांसाठी पहिली घरे बांधली. १८९० च्या श्रमिक गृहनिर्माण कायद्याचा आधार घेऊन लंडन काउंटी कौन्सिलने पूर्व लंडनमधील ओल्ड निकोल ही वस्ती पाडून तेथे बाउंडरी इस्टेट ही वसाहत उभारली. तिचे उद्घाटन १९०० मध्ये झाले. घरे उत्तम होती. परंतु पाडलेल्या वस्तीतील मूळ रहिवाशांपैकी फारच थोड्यांना ती मिळाली, कारण त्यांचे भाडे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. घर कोणासाठी बांधले आणि प्रत्यक्षात कोणाला मिळाले हा प्रश्न या व्यवस्थेच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आहे.

याच काळात ऑक्टेव्हिया हिल यांनी गृहव्यवस्थापनाची एक स्वतंत्र पद्धत विकसित केली. १८६५ पासून लंडनमधील काही जुनी घरे त्यांनी व्यवस्थापनासाठी घेतली. प्रशिक्षित स्त्रिया दर आठवड्याला प्रत्येक घरी जाऊन भाडे गोळा करीत आणि त्याच भेटीत दुरुस्तीची गरज पाहत. भाडेवसुली आणि दुरुस्ती ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असल्यामुळे भाडेकरूचे म्हणणे परस्पर मालकापर्यंत पोहोचत असे. या पद्धतीत गरिबांवर नैतिक देखरेख ठेवण्याचा भाग होता आणि त्यावर पुढे योग्य ती टीकाही झाली. हिल स्वतः नगरपालिकांनी घरे बांधण्याच्या विरोधात होत्या. तरीही गृहव्यवस्थापन हा एक व्यवसाय असून त्यासाठी प्रशिक्षणाची आवश्यकता आहे, ही जाणीव त्यांच्या कार्यातून रुजली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ मध्ये, ग्लासगो येथे मेरी बार्बर आदी स्त्रियांच्या पुढाकाराने भाडेवाढीविरुद्ध संप झाला आणि त्याच वर्षी संसदेला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. युद्ध संपल्यानंतर १९१९ च्या ॲडिसन कायद्याने स्थानिक गरजेची पाहणी करून घरे बांधण्याची जबाबदारी कौन्सिलांवर सोपविली आणि त्यासाठी राष्ट्रीय कोशातून अनुदान दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर या बांधकामाला मोठी गती मिळाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील जवळजवळ एकतृतीयांश कुटुंबे कौन्सिलची भाडेकरू होती.

१९८० च्या गृहनिर्माण कायद्याने दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. कौन्सिलच्या भाडेकरूला ‘सुरक्षित भाडेकरू’ असा कायदेशीर दर्जा दिला आणि राहते घर सवलतीच्या किमतीत विकत घेण्याचा हक्कही दिला. या हक्काखाली इंग्लंडमध्ये सुमारे २० लाख घरे विकली गेली. त्यांच्या जागी नवी घरे त्या प्रमाणात बांधली गेली नाहीत. स्कॉटलंडने हा हक्क २०१६ मध्ये व वेल्सने २०१९ मध्ये रद्द केला. इंग्लंडमध्ये तो कायम आहे. मात्र नोव्हेंबर २०२४ पासून सवलतीची कमाल रक्कम विभागानुसार १६,००० ते ३८,००० पौंड इतकी खाली आणली आहे.

२. आजचा सार्वजनिक घरमालक

इंग्लंडमधील सुमारे निम्म्या गृहनिर्माण प्राधिकरणांकडे आज स्वतःची घरे आहेत. अशा घरांची एकूण संख्या सुमारे १६ लाख आहे. त्याहून अधिक सामाजिक घरे ‘हाउसिंग असोसिएशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ना-नफा संस्थांकडे आहेत. १९८८ मध्ये चिल्टर्न या कौन्सिलने आपली सर्व घरे अशा संस्थेकडे हस्तांतरित केली आणि पुढील दोन दशकांत अनेक कौन्सिलांनी तोच मार्ग स्वीकारला. हस्तांतरणापूर्वी भाडेकरूंचे मतदान घेतले जाई. २००२ मध्ये बर्मिंगहॅमच्या भाडेकरूंनी असा प्रस्ताव बहुमताने फेटाळला, म्हणून आजही बर्मिंगहॅम सिटी कौन्सिल हे इंग्लंडमधील सर्वांत मोठे कौन्सिल-घरमालक आहे.

व्यवस्थापनाच्या तीन तऱ्हा आढळतात. काही कौन्सिले आपल्या गृहनिर्माण विभागामार्फत थेट कारभार पाहतात. काहींनी २००२ नंतर स्वतःच्या मालकीची, परंतु स्वतंत्र संचालक मंडळ असलेली व्यवस्थापन कंपनी स्थापन केली. अशा अनेक कंपन्या पुढे पुन्हा कौन्सिलमध्ये विलीन झाल्या. तिसऱ्या तऱ्हेत भाडेकरूंची संस्था कौन्सिलशी करार करून आपल्या वसाहतीचे व्यवस्थापन करते; या हक्काला १९९४ मध्ये वैधानिक रूप मिळाले. तिन्ही तऱ्हांत घरमालक कौन्सिलच असते आणि कायद्याने येणारे अंतिम दायित्वही त्याचेच राहते.

येथे एक मूलभूत अडचण लक्षात घेतली पाहिजे. खासगी घरमालकाविरुद्ध भाडेकरू कौन्सिलकडे दाद मागू शकतो. कौन्सिलचा आरोग्य विभाग घराची तपासणी करून मालकाला सुधारणेची नोटीस बजावू शकतो. घरमालक स्वतः कौन्सिल असेल तर मात्र कौन्सिलने स्वतःलाच नोटीस बजावावी असा प्रसंग येतो आणि कायद्याने ते शक्य नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच दाद देणारा, अशी ही स्थिती आहे. शिवाय कौन्सिलच्या भाडेकरूला दुसरे घर सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे ग्राहकाप्रमाणे ‘दुसरीकडे जाण्याचा’ पर्यायही त्याच्याजवळ नसतो. पुढील सर्व नियमांचे मूळ या दुहेरी अडचणीत आहे.

३. घरांचे वाटप

मागणी पुरवठ्यापेक्षा पुष्कळ अधिक असल्यामुळे वाटप हा व्यवस्थापनाचा सर्वांत संवेदनशील भाग ठरतो. २०२४ मध्ये इंग्लंडमधील कौन्सिलांच्या प्रतीक्षायाद्यांवर १३ लाखांहून अधिक कुटुंबे होती. प्रत्येक कौन्सिलने वाटपाची लेखी योजना प्रसिद्ध करणे आणि त्या योजनेनुसारच घर देणे १९९६ च्या गृहनिर्माण कायद्याने बंधनकारक केले आहे. बेघर कुटुंबे, दाटीवाटीच्या किंवा आरोग्यास अपायकारक घरात राहणारी कुटुंबे, वैद्यकीय वा कल्याणविषयक कारणाने घराची गरज असणारे आणि विशिष्ट ठिकाणी न राहिल्यास हालअपेष्टा सोसाव्या लागतील असे अर्जदार यांना या योजनेत वाजवी प्राधान्य द्यावे लागते. २०११ च्या कायद्याने प्रतीक्षायादीवर कोणास घ्यावे हे ठरविण्याची मोकळीक कौन्सिलांना मिळाली. त्यानंतर अनेक कौन्सिलांनी स्थानिक वास्तव्याच्या ठरावीक वर्षांची अट घातली.

पूर्वी अधिकारी यादीतील पुढच्या अर्जदाराला एखादे घर देऊ करीत आणि त्याने ते घ्यावे अशी अपेक्षा असे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट या शहराने १९९० मध्ये निराळी पद्धत सुरू केली. तिच्यात रिकामी घरे जाहीर केली जातात आणि पात्र अर्जदार आपल्या पसंतीच्या घरासाठी मागणी नोंदवितात. इंग्लंडमध्ये हार्बरो येथे २००० मध्ये हिचा अवलंब झाला आणि पुढे ती सर्वत्र पसरली. तिच्यामुळे पारदर्शकता वाढली, परंतु घरांची संख्या वाढली नाही. निवडीचा हक्क आणि निवडण्याजोगी घरे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

घर मिळाल्यावर बहुतेक कौन्सिले पहिले १२ महिने प्राथमिक भाडेकरार करतात. हा काळ सुरळीत पार पडला की सुरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळतो. त्यानंतर न्यायालयाच्या आदेशाशिवाय ताबा घेता येत नाही, आणि थकबाकीच्या प्रकरणांत हप्ते बांधून देण्याचा प्रयत्न केल्याचे कौन्सिलने न्यायालयासमोर दाखवावे लागते.

४. भाडे आणि हिशेब

कौन्सिल घराच्या भाड्याला ‘सामाजिक भाडे’ म्हणतात. ते बाजारभावाने ठरत नाही. २००२ पासून लागू झालेल्या सूत्रानुसार त्या विभागातील सापेक्ष वेतनमानाला ७० टक्के आणि घराच्या सापेक्ष किमतीला ३० टक्के भार दिला जातो. शयनकक्षांच्या संख्येचाही विचार होतो. अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंना भाड्यासाठी शासकीय साहाय्य मिळते. पूर्वी ते ‘हाउसिंग बेनिफिट’ म्हणून मिळे. आता कामाच्या वयातील बहुतेकांना ते ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या एकत्रित साहाय्यातून मिळते. एप्रिल २०१३ पासून कामाच्या वयातील भाडेकरूच्या घरात गरजेपेक्षा एक शयनकक्ष अधिक असल्यास विचारात घेतल्या जाणाऱ्या भाड्यातून १४ टक्के आणि दोन वा अधिक असल्यास २५ टक्के कपात होते. लहान घर उपलब्ध नसतानाही ही कपात होत असल्यामुळे अनेक ठिकाणी थकबाकीचा प्रश्न निर्माण झाला.

या सर्व व्यवस्थेचा कणा म्हणजे ‘गृहनिर्माण महसूल खाते’ होय. १९३५ च्या कायद्याने कौन्सिलांच्या घरांचा सर्व जमाखर्च एका खात्यात आणला. १९८९ च्या कायद्याने हे खाते कौन्सिलच्या सर्वसाधारण निधीपासून पूर्णपणे विलग केले. भाडे व सेवाशुल्क ही या खात्याची मुख्य जमा, तर व्यवस्थापन, दुरुस्ती, मोठ्या नूतनीकरणाची तरतूद आणि कर्जावरील व्याज हा मुख्य खर्च. भाडेकरूंनी दिलेला पैसा रस्त्यांवर किंवा उद्यानांवर खर्च करता येत नाही. त्याचप्रमाणे सर्वसाधारण करदात्यांच्या पैशातून भाडे कृत्रिमरीत्या कमी ठेवता येत नाही. खात्यात तूट दाखविणारे अंदाजपत्रक संमत करण्यास कायद्याने मनाई आहे.

एप्रिल २०१२ पर्यंत या खात्यांतील वरकड रक्कम राष्ट्रीय पातळीवर एकत्र करून तिचे फेरवाटप होत असे. त्यानंतर प्रत्येक कौन्सिलने कर्जाचा ठरावीक भार स्वीकारून आपल्या भाड्यावर आपला कारभार चालवावा, असे ठरले. त्यासाठी ३० वर्षांच्या आर्थिक नियोजनाची पद्धत रूढ झाली. तथापि भाडे किती वाढवावे हा निर्णय केंद्रीय शासनाच्याच हाती राहिला. २०१६ ते २०२० या चार वर्षांत दरवर्षी भाडे १ टक्क्याने कमी करण्याची सक्ती झाली. २०२२ मध्ये महागाई भडकल्यावर २०२३-२४ साठी भाडेवाढीवर ७ टक्क्यांची मर्यादा आली. दोन्ही निर्णय भाडेकरूच्या तात्कालिक हिताचे होते यात शंका नाही. परंतु दुरुस्तीचा पैसा त्याच भाड्यातून येत असल्यामुळे भाड्याची एका हाताने दिलेली सवलत दुरुस्तीच्या विलंबातून दुसऱ्या हाताने परत घेतली गेली. एप्रिल २०२६ पासून दहा वर्षे भाडेवाढ ग्राहक किंमत निर्देशांकाच्या वाढीपेक्षा १ टक्का अधिक ठेवण्याचे धोरण शासनाने २०२५ मध्ये जाहीर केले. दीर्घकालीन नियोजनाला स्थैर्य मिळावे, हा त्याचा हेतू आहे.

५. दुरुस्ती : दायित्वाचा गाभा

भाडेकरूचा घरमालकाशी सर्वाधिक संबंध दुरुस्तीच्या निमित्ताने येतो. १९८५ च्या घरमालक व भाडेकरू कायद्याच्या ११ व्या कलमानुसार इमारतीचा सांगाडा व बाह्यभाग, तसेच पाणी, वीज, गॅस, मलनिस्सारण आणि उष्णता यांची यंत्रणा सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे दायित्व आहे. गॅस उपकरणांची दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करावी लागते.

१९९४ च्या नियमांनी कौन्सिलच्या भाडेकरूला किरकोळ, परंतु तातडीच्या दुरुस्तीचा हक्क दिला. वीजपुरवठा पूर्ण बंद पडल्यास एक दिवस, छप्पर गळत असल्यास सात दिवस अशा मुदती त्यात नमूद केल्या. मुदतीत काम न झाल्यास भाडेकरू दुसरा कंत्राटदार नेमण्याची मागणी करू शकतो आणि त्यानेही वेळेत काम न केल्यास त्याला अल्पशी भरपाई मिळते. १० पौंड आणि त्यापुढे दररोज २ पौंड, परंतु एकूण ५० पौंडांपर्यंतच, अशी ही भरपाई आहे. रक्कम नाममात्र आहे; महत्त्व मुदतीला आहे. कामाला तारीख मिळाली की तक्रारीला दस्तऐवजाचे रूप येते.

मोठ्या नूतनीकरणासाठी २००० मध्ये ‘सुयोग्य घर’ हे राष्ट्रीय प्रमाण ठरविण्यात आले. घर वैधानिक किमान पातळीला उतरणारे, वाजवी दुरुस्तीत असलेले, बऱ्यापैकी आधुनिक सोयींचे आणि पुरेशी ऊब देणारे असावे, असे त्याचे चार निकष होते. २०१० पर्यंत सर्व सामाजिक घरे या पातळीवर आणण्याचे उद्दिष्ट होते. ते शंभर टक्के साध्य झाले नाही, तरी लाखो घरांची स्वयंपाकघरे, स्नानगृहे, खिडक्या व तापनयंत्रणा या काळात बदलण्यात आल्या.

ओल आणि बुरशी यांचा प्रश्न मात्र कायद्याच्या फटीत राहून गेला. १९८५ मध्ये क्विक विरुद्ध टॅफ-इली कौन्सिल या खटल्यात अपील न्यायालयाने ११ व्या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. धातूच्या खिडक्यांवर बाष्प साचून घरातील सामान कुजत होते, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु खिडकी मोडलेली नाही, तिची रचनाच तशी आहे. म्हणून हा ‘नादुरुस्ती’चा प्रकार नव्हे, असा निर्णय झाला. परिणामी सदोष रचनेचे घर राहण्यास अयोग्य असूनही भाडेकरूच्या हाती कायदेशीर उपाय उरला नाही. २०१८ मध्ये संसदेने घराच्या वासयोग्यतेचा कायदा संमत केला आणि मार्च २०१९ पासून तो लागू झाल्यावर भाडेकरूला अशा बाबतीत थेट न्यायालयात जाता येऊ लागले.

६. भाडेकरूंचा सहभाग आणि त्याची मर्यादा

गृहव्यवस्थापनात मोठा बदल करण्यापूर्वी सुरक्षित भाडेकरूंचे मत विचारात घेणे १९८५ च्या गृहनिर्माण कायद्याच्या १०५ व्या कलमाने आवश्यक आहे. या तरतुदीच्या आधारे भाडेकरू संघ, वसाहत समित्या आणि कारभाराची छाननी करणारी भाडेकरू मंडळे ठिकठिकाणी उभी राहिली. तथापि समित्या अस्तित्वात असणे आणि भाडेकरूचे म्हणणे ऐकले जाणे या दोहोंतील अंतर दोन दुर्घटनांनी उघड केले.

१४ जून २०१७ रोजी पश्चिम लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या कौन्सिलच्या २४ मजली इमारतीला आग लागली आणि तीत ७२ जणांचा मृत्यू झाला. नूतनीकरणात इमारतीच्या बाहेरून बसविलेले ज्वलनशील आवरण आगीच्या फैलावास मुख्यत्वे कारणीभूत ठरले. इमारतीचे व्यवस्थापन करणाऱ्या संस्थेच्या नावातच ‘भाडेकरू’ हा शब्द होता आणि तिच्या संचालक मंडळावर भाडेकरूंचे प्रतिनिधीही होते. तरीसुद्धा अग्निसुरक्षेविषयी रहिवाशांनी वारंवार दिलेले इशारे दुर्लक्षिले गेले. संस्था आणि रहिवासी यांच्यातील संबंध अविश्वास व कटुतेने भरलेले होते, असे सप्टेंबर २०२४ मध्ये सादर झालेल्या चौकशी अहवालात नमूद आहे.

दुसरी घटना रॉचडेल येथील. आवाब इशाक या दोन वर्षांच्या बालकाचा डिसेंबर २०२० मध्ये मृत्यू झाला. घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे त्याचे कारण होते, असा निष्कर्ष मृत्युचौकशी अधिकाऱ्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये नोंदविला. हे घर हाउसिंग असोसिएशनचे होते आणि बालकाच्या पालकांनी बुरशीची तक्रार वारंवार केली होती. अशा तक्रारींवर कुटुंबाच्या राहणीमानाला दोष देण्याची प्रवृत्ती घरमालकांत किती खोलवर रुजली आहे, याकडे गृहनिर्माण लोकपालाने ऑक्टोबर २०२१ च्या अहवालातच लक्ष वेधले होते. खिडक्या उघडत नाहीत, घरात कपडे वाळवतात, स्वयंपाकाची वाफ साठू देतात, ही उत्तरे भाडेकरूंना सर्रास मिळत होती. तक्रारीचा विषय घर असताना तपासणी मात्र भाडेकरूची होत होती.

७. मुदतबद्ध दायित्वाकडे

या दोन्ही घटनांच्या पार्श्वभूमीवर सामाजिक गृहनिर्माण (नियमन) कायदा, २०२३ संमत झाला. तत्पूर्वी, २००८ मध्ये, भाडेकरू-सेवांसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले होते. परंतु २०१२ मध्ये ते बरखास्त करण्यात आले. त्यानंतर भाडेकरूंना गंभीर हानी पोहोचल्याचे दिसल्याखेरीज नियामकाने सेवेच्या दर्जात हस्तक्षेप करू नये, असा दंडक होता. नव्या कायद्याने तो काढून टाकला. १ एप्रिल २०२४ पासून सुरक्षितता व दर्जा. पारदर्शकता, प्रभाव व उत्तरदायित्व. परिसर व समाज. आणि भाडेकरार अशी चार ग्राहक-मानके लागू आहेत. १,००० किंवा अधिक घरे असणाऱ्या प्रत्येक घरमालकाची सुमारे चार वर्षांतून एकदा तपासणी होऊन त्याला चारपैकी एक श्रेणी दिली जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनमधील न्यूहॅम कौन्सिलला सर्वांत खालची श्रेणी मिळाली. आपल्या घरांतील अग्निसुरक्षेची कामे आणि वीजतपासण्या यांत हे कौन्सिल मोठ्या प्रमाणावर मागे पडल्याचे आढळले होते.

एप्रिल २०२३ पासून प्रत्येक घरमालकाला २२ निकषांवर माहिती गोळा करावी लागते. त्यांपैकी १२ निकष भाडेकरूंच्या मतसर्वेक्षणावर आणि १० कार्यालयीन नोंदींवर आधारलेले आहेत. कार्यालयाच्या नोंदीनुसार वेळेत झालेले काम भाडेकरूच्या दृष्टीनेही समाधानकारक झाले का, याची पडताळणी या दुहेरी मोजमापामुळे शक्य होते.

तक्रारींसाठीही मुदती निश्चित झाल्या आहेत. पहिल्या टप्प्यात तक्रारीची पोच ५ कामकाजाच्या दिवसांत आणि त्यानंतर उत्तर १० दिवसांत द्यावे लागते. समाधान न झाल्यास दुसऱ्या टप्प्यात २० दिवसांत उत्तर देणे आवश्यक आहे. त्यानंतर भाडेकरू गृहनिर्माण लोकपालाकडे विनामूल्य दाद मागू शकतो. २७ ऑक्टोबर २०२५ पासून ‘आवाब कायदा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांचा पहिला टप्पा अमलात आला. तातडीचा धोका २४ तासांत दूर करणे, ओल व बुरशीच्या गंभीर तक्रारीची तपासणी १० कामकाजाच्या दिवसांत करणे, तपासणीचा निष्कर्ष ३ दिवसांत लेखी कळविणे आणि धोका आढळल्यास ५ दिवसांत घर सुरक्षित करणे घरमालकावर बंधनकारक झाले. मुदतीत ते न जमल्यास कुटुंबाच्या पर्यायी निवासाची सोय करावी लागते. १९९४ च्या नियमांतील मुदतीचे तत्त्व येथे आरोग्य व जीवित यांच्या रक्षणासाठी विस्तारलेले दिसते.

८. मुंबईच्या संदर्भात

या विषयाशी मुंबईचा संबंध जुना आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेला मुंबई सुधार विश्वस्त मंडळाचा प्रयोग ग्लासगोच्या धर्तीवर आखलेला होता. या मंडळाने बांधलेल्या बी.आय.टी. चाळी १९३३ मध्ये मंडळाच्या विलीनीकरणाबरोबर महानगरपालिकेकडे आल्या आणि पालिका घरमालक बनली. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. १९२० च्या दशकात उभारलेल्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील २०७ बी.डी.डी. चाळींची मालकी शासनाकडे राहिली. खासगी चाळींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापन करण्यात आले.

इंग्लंडप्रमाणे मुंबईतही सार्वजनिक संस्था घरमालक झाली आणि येथेही भाडे अल्प राहिले. भाड्याला बांधून ठेवलेले विलग खाते, दुरुस्तीची सक्तीची मुदत आणि घरमालक संस्थेबाहेरचा तक्रारनिवारक ही व्यवस्था मात्र येथे त्या रूपाने विकसित झाली नाही. दुरुस्तीच्या प्रश्नाचे उत्तर अखेर पुनर्विकास आणि मालकी हक्क या मार्गाने शोधले गेले. जुलै २०२० मध्ये केंद्र शासनाने परवडणाऱ्या भाडेतत्त्वावरील गृहसंकुलांची योजना मंजूर केली आणि २०२४ च्या प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्येही भाड्याच्या घरांना स्थान दिले. त्यामुळे भाडेतत्त्वावरील सार्वजनिक घरांचे व्यवस्थापन कोणी, कोणत्या पैशातून आणि कोणत्या मुदतीत करावयाचे हा प्रश्न आपल्यासमोर पुन्हा उभा राहिला आहे.

निष्कर्ष :
१) सार्वजनिक घरमालकाच्या ठिकाणी मालक आणि नियामक या भूमिका एकवटतात; म्हणून त्याच्या कारभारावर बाह्य नियामक व लोकपाल यांची देखरेख अपरिहार्य ठरते.
२) भाड्याचे विलग खाते हिशेबातील शिस्त आणते; परंतु भाडेवाढीचा निर्णय अन्यत्र होत असल्यास दुरुस्तीचे नियोजन कोलमडते.
३) वाटपाच्या पारदर्शक पद्धतीने न्याय्यता वाढते; घरांची टंचाई तिने दूर होत नाही.
४) समितीवर भाडेकरूंचे प्रतिनिधी असणे म्हणजे भाडेकरूंचे म्हणणे ऐकले जाणे नव्हे, हे ग्रेनफेलच्या घटनेने सिद्ध केले.
५) दुरुस्तीचे दायित्व मुदत, लेखी उत्तर आणि अपील यांच्याशी जोडल्याखेरीज प्रभावी होत नाही.

इंग्लंडला हे नियम शंभर वर्षांच्या अनुभवातून आणि काही अत्यंत क्लेशकारक घटनांनंतर करावे लागले. भाड्याच्या सार्वजनिक घरांचा विचार नव्याने करणाऱ्या कोणत्याही शासनाने घरांच्या आराखड्याबरोबरच त्यांच्या दुरुस्तीचे खाते, तक्रारीची मुदत आणि अपिलाची सोय यांचाही आराखडा आधीच तयार करावा, हा या अभ्यासाचा मथितार्थ होय.